पाण्याखालचें रान आणि त्याची नोंदवही



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं व्याख्यानासाठीं खाडीच्या तळाशीं उगवणाऱ्या गवताचा विषय आम्ही निवडला, याचें कित्येकांस नवल वाटेल. परंतु धाटावजवळून वाहणारी कुंडलिका अखेर रेवदंडा व कोर्लई यांच्यामधून समुद्रास मिळते. वरच्या अंगास आपण तिच्यांत जें सोडतों, तें खालच्या उथळ खाडींत जाऊन पोंचतें. म्हणून त्या खाडीच्या तळाचा जमाखर्च हा आपलाच जमाखर्च आहे.

प्रथम हें गवत म्हणजे काय तें पाहूं. शेवाळ आणि समुद्रगवत हीं एक नव्हेत. शेवाळास खरें मूळ नाहीं व फूलही नाहीं. समुद्रगवतास मात्र भाताप्रमाणें मुळें, पानें, फुलें व बीं असतें. फरक इतकाच कीं, त्याचा सारा संसार खाऱ्या पाण्यांत चालतो. त्याच्या मुळांनीं चिखल धरून ठेविला जातो, आणि पानांच्या आडोशास कोळंबी व माशांचीं पिलें वाढतात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आढळणारी त्याची एक जात हॅलोफिला बेक्कारी ही होय. ओडोआर्डो बेक्कारी या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञावरून १८७१ सालीं तिला हें नांव मिळालें. हीं इवलालीं रोपटीं तिवरांच्या शेजारच्या चिखलांत भरतीला बुडतात व ओहोटीला उघडीं पडतात. गोव्यांत मांडवीच्या खाडींतील या गवताचा अभ्यास राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे जगताप व उंटवाले यांनीं १९८१ सालीं प्रसिद्ध केला. आज ही जात जगांतील धोक्यांत आलेल्या जातींत गणली जाते.

या वनस्पतीचें जीवन सूर्यप्रकाशावर अवलंबून आहे. पाणी गढूळ झालें, किंवा सांडपाण्यांतील नत्रामुळें शेवाळ माजलें, म्हणजे तळाशीं अंधार पडतो व गवत उपाशी मरतें. हें एका दिवसांत होत नाहीं. दरवर्षीं थोडें थोडें कुरण आक्रसतें आणि कोणाच्याच ध्यानांत येत नाहीं. कारण प्रत्येक पिढी आपल्या बाळपणीं पाहिलेली खाडी तीच मूळची खाडी असें समजते. आजोबांची खाडी नातवास ठाऊक नसते. डॅनिएल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञानें १९९५ सालीं या विस्मृतीकडे विद्वानांचें लक्ष वेधलें. तिच्यावर औषध एकच, तें म्हणजे नोंदवही. आपल्या बाप्तिस्म्याच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या, म्हणूनच पणजोबांचा जन्म कधीं झाला हें आज सांगतां येतें. खाडीसही तशीच वही हवी.

पाण्याची पारदर्शकता मोजण्याचें सर्वांत साधें साधन एका येशूसंघी धर्मगुरूच्या नांवानें ओळखलें जातें, हें येथें अभिमानानें सांगावेंसें वाटतें. रोमच्या वेधशाळेचे प्रमुख फादर आंजेलो सेक्की यांनीं १८६५ सालीं पोपसाहेबांच्या जहाजावरून भूमध्यसमुद्रांत पांढऱ्या तबकड्या दोरीनें सोडून, त्या किती खोलीवर दिसेनाशा होतात याचे प्रयोग केले. आज दीडशें वर्षांनंतरही ही सेक्कीची तबकडी जगभर वापरली जाते. ती करावयास एक ताट, थोडा रंग व खुणा केलेली दोरी एवढें पुरें.

गवत मोजण्याची रीतही अवघड नाहीं. १९९८ सालीं ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड प्रांतांत सामान्य नागरिकांच्या साह्यानें एक मोहीम सुरू झाली. तिच्या पद्धतीप्रमाणें पन्नास मीटरच्या तीन रेषा एकमेकींपासून पंचवीस मीटरांवर आंखतात. दर पांच मीटरांवर अर्ध्या मीटरची चौकट ठेवून तिच्या आंत किती भाग गवतानें झांकला आहे तें लिहितात. जागा तीच, ऋतु तोच व रीत तीच, हा तिचा प्राण आहे. यंदा उधाणाच्या ओहोटीला व पुढील सालीं भांगाला मोजलें, तर दोहोंची तुलना व्यर्थ होय.

अशा चिकाटीचें फळ काय, हें अमेरिकेंतील चेसापीक उपसागरानें दाखविलें आहे. तेथें १९८४ पासून विमानांतून छायाचित्रें घेऊन पाण्याखालच्या वनस्पतींची मोजणी होत आहे. पाण्यांतील नत्र सुमारें २३ टक्क्यांनीं घटलें, तेव्हां सुमारें १७,००० हेक्टर क्षेत्र पुन्हां हिरवें झालें, हें २०१८ सालीं सिद्ध करतां आलें. कारण जुने आंकडे हातीं होते. जवळच व्हर्जिनियाच्या उथळ आखातांतील गवत १९३० नंतरच्या रोगानें व १९३३ च्या वादळानें नाहींसें झालें होतें. तेथें वीस वर्षांत सात कोटींहून अधिक बियाणें पेरलें गेलें, आणि २०२० पर्यंत सुमारें ३,६०० हेक्टर कुरण उभें राहिलें.

आतां आपल्या दाराशीं येऊं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०१८ सालीं देशांतील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली. तींत कुंडलिकेचेंही नांव आलें. धाटावच्या कारखान्यांनीं अनेक घरांतील चूल पेटती ठेविली आहे, हें आम्ही विसरत नाहीं. परंतु रेवदंड्याच्या कोळ्याची चूलही त्याच पाण्यावर पेटते. एकाच्या भाकरीसाठीं दुसऱ्याची भाकरी काढून घेणें हा न्याय नव्हे. आणि वाद निवाड्यास आला म्हणजे तोंडच्या गाऱ्हाण्यापेक्षां वीस वर्षांचे लिहिलेले आंकडे अधिक बोलतात.

म्हणून आमची विनंति अशी कीं, तरुण मंडळींनीं पावसाळा सरल्यावर, गढूळपणा निवळल्यावर, दरवर्षीं एकाच उधाणाच्या ओहोटीला खाडीवर जावें. कोळी बांधवांस वाटाड्या म्हणून बरोबर घ्यावें. चिखलाची वाट त्यांच्याइतकी कोणास ठाऊक नाहीं. तबकडी सोडावी, चौकट ठेवावी, आणि पाण्याचा खारेपणाही मोजावा. कारण १९२७ सालीं सुरू झालेल्या भिऱ्याच्या वीजघराचें गोडें पाणी या नदींत उतरतें. गवत दिसलें तर तें किती हें लिहावें. न दिसलें तर "आढळलें नाहीं" असें तारखेसह लिहावें. तीही नोंदच होय, आणि पुढें एखादें रोपटें उगवलें तर तिचेंच मोल सर्वांत अधिक ठरेल.

वही सुरू करणाऱ्यास तिचें फळ क्वचितच दिसतें. पण ज्यांनीं आपल्या धर्मग्रामाच्या पहिल्या वहींत पहिलें नांव लिहिलें, त्यांनीं तरी ही ज्युबिली कोठें पाहिली?