सोळा घटकांचे आबेलियन गट किती?

तिरुनागेश्वरमला भाविक राहूच्या दर्शनाला येतात. शेजारचं कुंभकोणम म्हणजे गणितवाल्यांचं क्षेत्र. श्रीनिवास रामानुजन तिथेच वाढले. आजच्या प्रश्नाचं उत्तरही त्यांच्याच आवडत्या विषयात आहे.

आबेलियन गटात कोणतेही दोन घटक घ्या, क्रम उलटा केला तरी उत्तर तेच. विद्यार्थी नेहमी विचारतात, ‘घटक १६ असले, तर असा गट एकच ना?’ नाही. रचनेने वेगळे असे पाच.

पाचच का? १६ म्हणजे २ चा चौथा घात. आता ४ ची फोड करा: ४, ३+१, २+२, २+१+१, १+१+१+१. दर फोडीमागे एक गट. ४ म्हणजे १६ तासांचं एक घड्याळ. ३+१ म्हणजे दोन घड्याळांची जोडी, एक ८ तासांचं, एक २ तासांचं. या जोडीत कोणताही घटक आठ वेळा मिळवा, शून्यच येतं. १६ तासांच्या घड्याळात १ आठ वेळा मिळवला, तर ८ येतात. म्हणून हे दोन गट वेगळे.

म्हणजे फोडी मोजल्या की गट मोजले! हार्डी आणि रामानुजन यांनी १९१८ मध्ये फोडींच्या संख्येचं सूत्र दिलं. २०० च्या फोडी ३९,७२,९९,९०,२९,३८८. घटक २ च्या २००व्या घाताइतके असले, तर आबेलियन गटही तेवढेच.

परीक्षेत ७२ विचारलं तर? ७२ म्हणजे २ चा घन गुणिले ३ चा वर्ग. ३ च्या फोडी तीन, २ च्या दोन. तीन दुणे सहा. १४४ चं उत्तर तुम्ही काढा.