आधीं तेल, कीं आधीं पट्टा?



घरांत कोणास ताप आला म्हणजे आपण नुसतें कपाळ थंड करून स्वस्थ बसत नाहीं; ताप कशानें आला याचा शोध घेतों. मोटारीच्या बाबतींत मात्र 'तुटलें असेल तें बदला' एवढें सांगून आपण मोकळे होतों. ही चूक मीं स्वतः केली आहे.

माझ्या जुन्या गाडीचा पट्टा, ज्याला आपण सवयीनें फॅन बेल्ट म्हणतों, चार महिन्यांत दोनदां तुटला. दोन्ही वेळां मीं नवा घालून घेतला. तिसऱ्या खेपेस खंबाटकीचा घाट चढत होतों. गाडींत वृद्ध आई व दोन मुलें होतीं. एकाएकीं समोर बॅटरीचा तांबडा दिवा लागला व स्टिअरिंग जड झालें. 'माथा जवळच आहे' अशी मनाची समजूत घालून मी तसाच पुढें गेलों. माथ्यावर पोहोंचेपर्यंत उष्णतेचा काटा टोकाला टेकला आणि बॉनेटखालून वाफ येऊं लागली. इंजिनाचें हेड वांकडें झालें होतें. गॅरेजांतील वृद्ध मेस्त्री तुटक्या पट्ट्यावरून बोट फिरवून म्हणाले, "साहेब, पट्टा बदलून काय होणार? हें तेल कोठून आलें तें आधीं बघा."

हा पट्टा इंजिनाच्या क्रँकवरील पुलीनें फिरतो. तो वीज निर्माण करणारा आल्टरनेटर फिरवितो. पुष्कळ गाड्यांत पाण्याचा पंप आणि जुन्या गाड्यांत स्टिअरिंगचा पंपहि त्याच्यावरच चालतो. म्हणून दिवा लागणें, स्टिअरिंग जड होणें आणि काटा चढणें हीं लक्षणें एकत्र दिसलीं, तर पट्टा गेला असें समजावें आणि गाडी ताबडतोब सुरक्षित जागीं थांबवून इंजिन बंद करावें. पाणी फिरेनासें झालेलें इंजिन थोड्या मिनिटांतच बिघडतें. मात्र रेडिएटरचें झांकण गरम असतां उघडूं नये. आंतील उकळतें पाणी दाबानें उसळून अंगावर येतें.

आतां निदानाकडे वळूं. तुटलेला पट्टा फेंकून देऊं नका. तोच पहिला साक्षीदार. तो तेलकट, मऊ व फुगलेला असेल, तर तेल आधीं गळलें व त्यानें रबर नासलें. पट्टा कोरडा असून एका बाजूची कड उसवलेली असेल, तर पुल्या एका रेषेंत नसाव्या. एखादी जागा जळून झिजली असेल, तर एखादी पुली अडकली असावी. इंजिन बंद असतां पट्ट्यानें फिरणाऱ्या पुल्या हातानें फिरवून पाहाव्या. जी अडते किंवा खरखरते, तिच्या बेअरिंगवर संशय घ्यावा. कधीं प्रकार उलटाहि असतो. फाटलेल्या पट्ट्याचे धागे क्रँकच्या पुलीमागें गुंडाळले जाऊन तेथील ऑईल सील फाडतात, आणि पट्टा तुटल्यानंतर तेल गळूं लागतें. म्हणून आधीं काय झालें, हा प्रश्न महत्त्वाचा.

गळतें तें तेलच काय, हेंहि पाहावें. रात्रीं गाडीखालीं पांढरा पुठ्ठा पसरावा. तपकिरी किंवा काळा डाग इंजिनाच्या तेलाचा. हिरवा अगर गुलाबी, पाण्यासारखा पातळ डाग रेडिएटरच्या पाण्याचा. वातानुकूलनाचें स्वच्छ पाणी निरुपद्रवी. तेल वरून खालीं ओघळतें व वाऱ्यानें मागें पसरतें. त्यामुळें थेंब पडतो तेथें भोंक असतेंच असें नाहीं. इंजिन थंड असतां पुसून स्वच्छ करावें, गाडी थोडी चालवावी आणि सर्वांत उंच ओली जागा शोधावी. टॅपेट कव्हरचें पॅकिंग, तेलाच्या दाबाचा स्विच, फिल्टरची बैठक, क्रँकच्या पुढच्या टोकाचें सील, चेंबरचें पॅकिंग व बूच, या क्रमानें वरून खालीं पाहात यावें. तरीहि न उमगल्यास तेलांत विशिष्ट रंग घालून अतिनील दिव्याखालीं मेस्त्री गळती शोधतात. इंजिनांतील वाफ बाहेर सोडणारा मार्ग तुंबला असेल, तर आंतील दाब नव्या सीलांतूनहि तेल बाहेर ढकलतो. तो मार्ग पाहावयास विसरूं नये.

माझ्या गाडींत दोष होता टॅपेट कव्हरच्या कडक झालेल्या पॅकिंगचा. तेथून तेल ओघळून थेट पट्ट्यावर येत होतें. पॅकिंगची किंमत दुरुस्तीच्या बिलापुढें नगण्य होती.

गळती लहान म्हणून सोडूं नये. तप्त एक्झॉस्टवर तेल पडल्यास धूर होतो व आगहि लागूं शकते. सपाट जागीं, इंजिन बंद करून कांहीं मिनिटांनीं डिपस्टिक पाहावी. तेल दोन खुणांच्या मध्यें असावें. आणि चालतां चालतां तेलाच्या बुधलीचें चित्र असलेला तांबडा दिवा लागला, तर एक फर्लांगहि पुढें जाऊं नये.

त्या दिवशीं घाटमाथ्यावर आईनें एकच विचारलें, "दिवा लागला तेव्हांच कां रे थांबला नाहींस?" त्याचें उत्तर माझ्याजवळ नव्हतें. तो प्रश्न आपणांस कोणी विचारूं नये, एवढ्यासाठींच हें सांगितलें.