काळ्या दगडाचा धागा
(शाळा मदतनिधी कार्यक्रमातील भाषण)



मराठवाड्यातल्या शाळेच्या मदतनिधीसाठी आपण एवढ्या संख्येने आलात, त्याबद्दल मंडळातर्फे मनःपूर्वक आभार. जेवणाआधी आम्हा बांधकामातल्या लोकांना फक्त पाच मिनिटे द्या. श्रीखंड कुठे पळून जात नाही!

आम्ही आराखडा मांडला तेव्हा एका काकूंनी विचारले, "अहो, पोरांच्या शाळेला पाडकामाचा राडारोडा वापरणार?" प्रश्न अगदी रास्त आहे.

पाडलेल्या इमारतीचे काँक्रीट क्रशरमध्ये फोडले की पुन्हा खडी मिळते. डोंगर फोडायला नको, ढिगारा ओढ्याकाठी टाकायला नको. इथे अमेरिकेतही उखडलेल्या रस्त्याचे काँक्रीट दळून नव्या रस्त्याखाली घालतात. पण या खडीला जुने सिमेंट-वाळूचे थर चिकटलेले असतात. त्यामुळे ती पाणी जास्त पिते आणि नव्या सिमेंटशी तिचा सांधा कच्चा राहतो. तिथूनच तडे सुरू होतात.

आता आपला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. अजिंठा-वेरूळची लेणी यातच कोरली आहेत. योग्य घडणीचा बेसाल्ट सुमारे १४००-१५०० अंशांवर वितळवून बारीक छिद्रांतून ओढला की केसापेक्षाही बारीक तंतू निघतात. अशा तंतूंचे अमेरिकी पेटंट १९२२ सालचे आहे! त्यांचे छोटे तुकडे काँक्रीटमध्ये मिसळले की बारीक तडा जिथे उघडू पाहतो तिथे ते टाके घातल्यासारखे त्याला धरून ठेवतात. शिवाय त्यांना गंज लागत नाही.

पण ही जादू नव्हे. तंतूंमुळे वाकण्याची आणि ताणाची ताकद सुधारते. दाब सोसण्याची फारशी वाढेलच असे नाही. तंतू जास्त झाले तर गोळे होतात, माल घट्ट होतो. सिमेंटच्या क्षारांनी ते वर्षानुवर्षांत झिजूही शकतात. म्हणून लोखंडी सळईची जागा ते घेणार नाहीत.

१९९३ साली किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. दोष दगडाचा नव्हता, बांधणीचा होता. ते विसरून चालणार नाही. भारतीय मानक आय.एस. ३८३ (२०१६) सळईच्या काँक्रीटमध्ये, एम-२५ पर्यंत, २० टक्के अशी खडी वापरू देते. तरीही आम्ही शाळेचे कॉलम, बीम आणि स्लॅब पूर्णपणे नव्या खडीचेच ठेवणार आहोत. जुनी खडी आणि तंतू फक्त अंगणातल्या कोब्यासाठी आणि पायवाटेसाठी.

त्याआधी चाचणी. नवी खडी, जुनी खडी, जुनी खडी अधिक तंतू, असे तीन प्रकारचे ठोकळे आणि छोटे बीम करायचे. २८ दिवसांनी ठोकळे दाबून आणि बीम वाकवून तोडायचे. तंतूंचा फायदा दिसला नाही, तर ते घ्यायचे नाहीत, आणि निकाल जो येईल तो तुमच्यापुढे ठेवायचा.

मंडळी, भिंतीवर देणगीदाराचे नाव लागते, तोडलेल्या ठोकळ्यावर लागत नाही. तरीही या चाचण्यांसाठी आम्ही आज हात पसरतो आहोत. फूल ना फुलाची पाकळी, जे जमेल ते द्या. त्या अंगणात उद्या पोरं लंगडी खेळणार आहेत, आणि काकूंना आम्हाला छातीठोक उत्तर द्यायचे आहे.