उझबेकांचे पूर्वज



औरंगजेब ज्याच्या वंशातला, त्या बाबराचे जन्मगाव अंदिजान आजच्या उझबेकिस्तानात आहे. म्हणून आपल्याकडे अनेकजण त्याला सरळ उझबेक म्हणून मोकळे होतात. पण बाबराने ते कधीच मान्य केले नसते. शैबानीखानाच्या ज्या फौजांनी त्याला समरकंदातून हुसकावले आणि आधी काबूल, मग हिंदुस्थानची वाट धरायला लावली, त्या फौजा उझबेकांच्याच होत्या. आत्मचरित्रात त्यांच्याबद्दलचा राग तो लपवत नाही. तरीही आजचे उझबेक त्याला आपला लेखक मानतात, अंदिजानमध्ये त्याचा अश्वारूढ पुतळा आहे, आणि माझ्या मते त्यांचे काही चुकत नाही. या लोकांना उझबेक हे नाव फार उशिरा मिळाले. लोक मात्र त्या मातीत कितीतरी आधीपासून नांदत होते.

किती आधीपासून, ते समरकंदला दिसते. शहराच्या कडेला अफ्रासियाब नावाचे जुने पांढरीचे टेकाड आहे. 1965 साली तिथे रस्त्याचे काम चालू असताना सातव्या शतकातल्या एका दालनाच्या रंगवलेल्या भिंती उघड्या पडल्या. राजा वर्खुमानाच्या दरबारात परदेशचे वकील नजराणे घेऊन आलेले आहेत. चिनी माणसांच्या हातात रेशीम आहे. पाठीवर लांब वेण्या सोडलेले तुर्क योद्धे बसलेले आहेत. आणि एका वकिलाच्या झग्यावरच मजकूर लिहिलेला आहे, तो सुग्दी भाषेत. सुग्दी ही इराणी कुळातली भाषा. तिचे बोलणारे पाटाच्या पाण्यावर शेती करत आणि त्यांचे व्यापारी चीनपर्यंत जात. पश्चिमेकडच्या ख्वारझममध्येही अशीच एक इराणी भाषा होती. हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिणारा अल-बिरुनी, जन्म 973, तिथलाच.

त्या भिंतीवरच्या वेणीवाल्या तुर्कांकडे जरा नीट पाहायला हवे. सहाव्या शतकापासून तुर्क टोळ्या या प्रदेशात येत राहिल्या आणि दहाव्या शतकाच्या अखेरीस काराखानी तुर्कांनी बुखारा जिंकले. पुढच्या काही शतकांत तुर्की बोली पसरत गेली आणि सुग्दी मागे हटली. सुग्दी बोलणारे कुठे गेले? बहुतेक कुठेच गेले नाहीत. तीच शेते, तेच पाट, तीच घरे. पिढ्यांमागून पिढ्या गेल्या, तशी तोंडची भाषा तेवढी बदलली. सुग्दीच्याच घराण्यातली यग्नोबी नावाची बोली आज ताजिकिस्तानच्या डोंगरांत थोडे लोक बोलतात.

1220 च्या सुमारास चंगीझखानाचे मंगोल आले. त्यांनी शहरे उद्ध्वस्त केली, पण त्यांच्यातल्याही पुष्कळ टोळ्या शेवटी तुर्की बोलू लागल्या. तैमूर अशाच बरलास टोळीतला. 1941 च्या जूनमध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ गेरासिमोव्ह यांनी त्याची कबर उघडली आणि कवटीवरून त्याचा चेहरा घडवला. त्यात मंगोल ठेवण स्पष्ट दिसते. उजवा पाय अधू असल्याचेही हाडांवरून सिद्ध झाले. तैमूरच्या वंशजांच्या काळात हेरातच्या अलीशेर नवाईने चगताई तुर्कीला फारसीच्या तोडीचे साहित्य दिले. बाबरानेही त्याच भाषेत लिहिले, आणि आजची उझबेक तिचीच लेक आहे.

नाव आले ते उत्तरेच्या गवताळ मैदानातून. तिथल्या भटक्या टोळ्यांना उझबेक म्हणत. शैबानीखानाने त्यांना घेऊन सोळाव्या शतकाच्या आरंभी तैमूरी घराण्याचे राज्य बुडवले. 1510 मध्ये मर्वजवळ तो इराणच्या शाह इस्माइलशी लढताना मारला गेला, पण त्याच्या टोळ्या राहिल्या आणि हळूहळू शेतीवाडी करू लागल्या. पुढे बुखाऱ्यावर मांगित, खिव्यावर कुंग्रात आणि कोकंदवर मिंग या उझबेक टोळ्यांची घराणी राज्य करत होती. प्रजेतला शहरी माणूस मात्र स्वतःला बुखाऱ्याचा, ताश्कंदचा म्हणवी. अशा स्थायिक लोकांना सार्त असेही म्हणत.

1924 साली सोव्हिएत सरकारने मध्य आशियाची भाषावार वाटणी केली आणि उझबेक प्रजासत्ताक उभे राहिले. सरकारी दप्तरातून सार्त हा शब्द गेला आणि सार्त, टोळीवाले, चगताई असे सगळे एकाच नावाखाली नोंदले गेले. म्हणून हे राष्ट्र कागदावर बनवलेले आहे, असा शेरा काही लोक मारतात. मला तो अन्यायाचा वाटतो. दप्तरातली नोंद तेवढी नवी होती. तिच्याखाली आलेली माणसे हजार-दीड हजार वर्षे एकमेकांत मिसळत आली होती. ते मिश्रण अजून कानाला ऐकू येते. ख्वारझमची उझबेक बोली तुर्कमेन वळणाची, काही खेड्यांतली कझाकच्या जवळची, तर ताश्कंदच्या बोलीवर फारसीची दाट छाया आहे. समरकंद आणि बुखाऱ्यात तर कागदोपत्री उझबेक असलेली कित्येक कुटुंबे आजही घरात ताजिक बोलतात.