जिनिव्हातलं मतदान आणि आमची रविवारची बैठक

(तरुणांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला विषय कळवला, तेव्हा सोबत शंकाही कळवली होती: परराष्ट्र धोरण ऐकायला मुलं थांबतील का? जेवणानंतरचं सत्र आहे, शंका रास्तच होती. पण तुम्हाला या विषयात रस नाही, असं मला वाटत नाही. गाझा, इराण, तुर्की रोज रात्री आपल्या फोनवर चालू असतात. अडचण निराळी आहे. घरात आपण यावर तावातावानं बोलतो आणि बाहेर अजिबात बोलत नाही. कॉलेजात कुणी विषय काढला की आपण चहा सांगायला उठतो. कारण समोरचा धोरणाबद्दल विचारत नसतो, तुम्ही कुणाच्या बाजूचे हे तपासत असतो. आणि घरात तरी काय होतं? तिथं सगळे एकाच बाजूचे, म्हणून कुणालाच काही शोधावं लागत नाही.

आमच्या तालुक्याच्या गावी आम्ही बैठक सुरू केली ती यासाठी. महिन्यातला दुसरा रविवार, असरच्या नमाजनंतर दोन तास. बारा-चौदा जण असतो. त्यात चार मुली, एक निवृत्त शिक्षक, दोघे हिंदू मित्र, आणि आखातात उमर घालवून परतलेले एक इलेक्ट्रिशियन चाचा. सुरुवातीला एका शाळेनं वर्ग दिला होता. फळ्यावर 'पश्चिम आशिया' लिहिलेलं पाहिलं आणि पुढच्या महिन्यापासून वर्गाला कुलूप. मग वाचनालयानं मागची खोली दिली. पंखा बंद करून जायचं आणि चहा बाहेर प्यायचा, एवढीच त्यांची अट.

अशा बैठकांची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या पोर्टलँड शहरात 1954 साली फॉरेन पॉलिसी असोसिएशननं 'ग्रेट डिसिजन्स' नावाचा उपक्रम सुरू केला. वर्षभराचे मोजके विषय ठरवायचे, प्रत्येकावर आधी टिपण वाचायचं, मग शेजाऱ्यापाजाऱ्यांनी कुणाच्या घरी नाहीतर वाचनालयात जमून चर्चा करायची. शेवटी प्रत्येकानं आपलं मत कागदावर नोंदवायचं आणि ती मतं एकत्र करून सरकारपर्यंत पोहोचवायची. आजही तो चालतो. त्यातून अमेरिकेची युद्धं थांबली का, हा प्रश्न तुमच्या चेहऱ्यावर दिसतोय मला. नाही थांबली. तरी आधी वाचायचं आणि मग बोलायचं, ही त्यांची शिस्त आम्ही उचलली. भर एकाच नियमाची घातली: आपल्या सरकारनं काय केलं आणि त्याचं काय कारण दिलं, हे सांगितल्याशिवाय कुणी मत मांडायचं नाही.

या नियमानं काय होतं ते एका बैठकीवरून सांगतो. विषय होता चीनमधले उइगुर मुसलमान. 6 ऑक्टोबर 2022 ला जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत एक ठराव आला. शिनजियांगच्या परिस्थितीवर चर्चा घ्यावी, एवढीच त्यात मागणी होती. निषेध नाही, निर्बंध नाहीत, फक्त चर्चा. बाजूनं 17 मतं पडली, विरोधात 19, तटस्थ 11. ठराव पडला.

आमच्यातल्या बी.कॉम.च्या एका मुलीनं कोणी कसं मत दिलं याचा तक्ता करून आणला होता. ती एकेक नाव वाचत गेली. पाकिस्तान, विरोधात. इंडोनेशिया, विरोधात. कतार, विरोधात. संयुक्त अरब अमिराती, विरोधात. मलेशिया तटस्थ. सोमालियानं तेवढं बाजूनं मत दिलं. खोलीत कुणी बोलेना. मग एकानं चिडून विचारलं, "मग आपण 'मुस्लिम देश, मुस्लिम देश' म्हणतो ते कोण?" याचं उत्तर आम्ही त्या दिवशी दिलं नाही, पण त्यानंतर आमच्या टिपणांत तो शब्द येतो तेव्हा लिहिणाऱ्याला देशांची नावं द्यावी लागतात. चीनचं कर्ज, चीनचा व्यापार, उद्या आपल्याच तुरुंगांवर चर्चा लागेल ही धास्ती, अशी कारणं निघाली. मजहब त्यात फार खाली होता.

आता आपला देश. भारत तटस्थ राहिला. एखाद्या देशाचं नाव घेऊन केलेल्या ठरावांचा उपयोग होत नाही, ही आमची जुनी भूमिका आहे, असं परराष्ट्र मंत्रालयानं सांगितलं. आमचे मास्तर म्हणाले, भूमिका जुनी असेल तर ती नेहमी पाळली का, ते बघा. पुढच्या महिन्यात बघितलं. 2012 आणि 2013 मध्ये त्याच परिषदेत श्रीलंकेविरुद्धच्या ठरावांना भारतानं पाठिंबा दिला होता. तिथल्या तमिळांच्या हत्यांचा प्रश्न होता. तमिळनाडूत विद्यार्थी रस्त्यावर आले, द्रमुकनं मार्च 2013 मध्ये याच मुद्द्यावर केंद्र सरकारचा पाठिंबा काढला. 2014 ला भारत तटस्थ राहिला.

मला या सगळ्यात हा श्रीलंकेचा तपशील सर्वांत मोलाचा वाटतो. तमिळ माणसानं समुद्रापलीकडच्या तमिळांसाठी दिल्लीवर दबाव आणला आणि धोरण, थोडं आणि थोडा काळ का होईना, हललं. राजकारणाचा हिशेब त्यात होताच, तो मी झाकत नाही. पण आपल्यालाही तो रस्ता मोकळा आहे. पॅलेस्टाईनबद्दल बोलायचं तर 1988 मध्ये भारतानं पॅलेस्टाईनला राष्ट्र म्हणून मान्यता दिली, 1992 मध्ये इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले. ऑक्टोबर 2023 मध्ये गाझावरच्या आमसभेच्या ठरावावर भारत तटस्थ होता, डिसेंबरमध्ये युद्धबंदीच्या बाजूनं मत दिलं. या दोन महिन्यांत काय बदललं, हे विचारणं नागरिकाचं काम आहे. ते विचारताना आवाज खाली घ्यायचं कारण नाही. आंतरराष्ट्रीय शांततेसाठी राज्यानं झटावं, असं आपल्या संविधानाच्या 51 व्या कलमातच लिहिलंय.

चाचांचं सांगायचं राहिलं. ते 1990 ला कुवेतमध्ये होते. इराकनं कुवेत घेतलं तेव्हा बसरा, बगदाद करत जॉर्डनमधल्या अम्मानला पोहोचले आणि एअर इंडियानं मुंबईला आले. पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय असे परत आणले गेले. त्याआधी आपले परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला जाऊन सद्दामला भेटले, गळाभेट झाली, फोटोवर जगभर टीका झाली. आमच्यातला एकजण म्हणाला, लाज वाटण्यासारखी गोष्ट. चाचा म्हणाले, "बेटा, तू अम्मानच्या छावणीत नव्हतास." त्यावर ती तक्तेवाली मुलगी म्हणाली, "पण चाचा, कुवेती लोकांनी तो फोटो कसा बघितला असेल?" चाचा बराच वेळ गप्प होते. कुवेतमध्ये त्यांचा मालक होता, त्याची पोरं होती, ती त्यांना आठवली असावीत. वाद मिटला नाही. मिटवायचाही नव्हता.

चाचांमुळेच आमचा पुढचा विषय पासपोर्ट झाला. ज्याची दहावी झालेली नाही, त्याला नोकरीसाठी आखातात जायचं तर सरकारची एमिग्रेशन मंजुरी लागते आणि त्याचा 10 लाखांचा अपघात विमाही उतरवावा लागतो. आमच्या गावात घरटी कुणीतरी आखातात आहे, तरी हा विमा बहुतेकांना ठाऊक नव्हता. एजंट कागदांवर सही घेतो, तेवढंच. आम्ही खासदारांना पत्र लिहिलं की मजुरी बुडवलेल्या कामगारांबद्दल लोकसभेत अतारांकित प्रश्न विचारा. पोच आली, प्रश्न अजून आलेला नाही. दुसरं पत्र तयार आहे.

तुमच्यापैकी कुणाला सुरुवात करायची असेल तर पाच जण आणि एक भिंतीवरचा नकाशा पुरे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढू नका, निदान पहिले सहा महिने. मुलींच्या घरी आधी जाऊन बोला आणि बैठकीची वेळ त्यांच्या सोयीनं ठेवा, नाहीतर चार महिन्यांत सगळी मुलंच उरतील. आमचा पुढचा विषय सुदान आहे. एप्रिल 2023 पासून तिथं सैन्य आणि निमलष्करी दल एकमेकांना आणि लोकांना मारताहेत. दोन्हीकडे मुसलमान आहेत, म्हणून की काय, आपल्या फोनवर ते फारसं येत नाही. टिपण लिहायला अजून कुणी मिळालेलं नाही. इथून आमचं गाव दोन तासांवर आहे, कुणाला यायचं असेल तर चहाच्या वेळी मला भेटा.