हरवलेलं मांजर, सापडलेला कुत्रा

दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने कुत्री-मांजरं बिथरून घराबाहेर पळतात. कुत्रा लांबवर जातो. मांजर मात्र बहुधा जवळपासच दडून बसतं आणि भीतीपोटी मालकाच्या हाकेलाही ओ देत नाही. म्हणून रात्री सामसूम झाल्यावर टॉर्च घेऊन निघा. जिन्याखाली, उभ्या गाड्यांखाली, पाण्याच्या मोटरमागे उजेड टाका. अंधारात त्याचे डोळे चमकतात. शेजाऱ्यांना बंद गॅरेज उघडून पाहायला सांगा. वॉचमन, दूधवाले, पेपरवाले यांना फोटो दाखवा. मुंबईकरांनी परळच्या बैलघोडा रुग्णालयातही चौकशी करावी. फोटोसह पत्रक लावा, पण एखादी खूण त्यात लिहू नका. दावा सांगणाऱ्याला तीच विचारता येते.

अनोळखी कुत्रा सापडला, तर पाठलाग नको. बाजूला वळून खाली बसा, पाणी ठेवा. पट्टा पाहा, मग पशुवैद्याकडे न्या. कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप असेल, तर स्कॅनरवर सहसा 15 अंकी क्रमांक उमटतो. त्यावरून मालक सापडतो, मात्र फोन नंबर बदलल्यावर त्याने नोंद बदललेली हवी. चिप प्राण्याचा ठावठिकाणा दाखवते, हा गैरसमज फार आहे. आणि कुत्रा चावला, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.