चोरी लपवल्याने वस्ती सुरक्षित होत नाही
(रौप्यमहोत्सवी सोहळ्यातील भाषण)



आज पंचवीस वर्षांचा अहवाल वाचला गेला. त्यात एक वाक्य होतं, "आपली वसाहत ही तुमसरातील सर्वांत सुरक्षित वसाहत आहे." टाळ्या पडल्या. मी मात्र टाळी वाजवली नाही. का, ते सांगतो.

मी सचिव होतो तेव्हाची गोष्ट. महाशिवरात्रीला एक कुटुंब गायमुखच्या यात्रेला गेलं. परत येऊन पाहतात तर कुलूप तुटलेलं, आलमारी उघडी. दागिने आणि थोडी रोकड गेली. घरचे भाऊ पोलीस ठाण्यात निघाले, त्यांना मीच अडवलं. म्हटलं, "जाऊ द्या भाऊ, कशाला कोर्टकचेरी? अजून चार प्लॉट विकायचे आहेत, वस्तीचं नाव खराब होईल." त्यांनी माझं ऐकलं. दोन महिन्यांनी मागच्या ओळीत तशीच घरफोडी झाली. तिथे एक आजी एकट्या होत्या. जीव वाचला, पण ढकलाढकलीत हात मोडला. ठाणेदारांनी विचारलं, "याआधी इथे असं काही घडलं होतं का?" मला मान वर करता आली नाही.

मी आयुष्यभर बँकेत काम केलं. बुडीत कर्ज वहीत दाखवलं नाही म्हणून ते वसूल होत नाही, फक्त वही छान दिसते. गुन्ह्यांचंही तसंच आहे. दिल्लीतील राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी आकडे काढतो, ते नोंदलेल्या गुन्ह्यांचे. दर काढतात तो एक लाख लोकसंख्येमागे. २०११ च्या जनगणनेत तुमसरची वस्ती सुमारे ४५ हजार. म्हणजे इथे वर्षात ४५ चोऱ्या नोंदल्या, तर दर होतो शंभर. निम्म्यांनी तक्रारच केली नाही, तर दर पन्नासावर येतो. चोर मात्र तेवढेच राहतात! म्हणून नुसता आकडा वाढला की गाव बिघडलं, असं समजू नका. कधी कधी लोक बोलू लागले, एवढाच त्याचा अर्थ असतो.

२०१४ साली आपल्याच गावात एका सराफ कुटुंबातील तिघांचा खून झाला. तो दिवस तुमसर विसरलेलं नाही. तपास झाला, खटला चालला आणि २०२३ मध्ये सात जणांना जन्मठेप झाली. वेळ लागला, पण न्याय झाला. जे ठाण्यापर्यंत जातच नाही, त्याचा न्याय कोण करणार?

आता तर सोय वाढली आहे. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा लागू झाला. गुन्हा कुठेही घडो, कोणत्याही ठाण्यात खबर देता येते. ऑनलाइन दिली, तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. एफआयआरची प्रत फुकट मिळते. तातडीला ११२ आणि फोनवरून पैसे लुबाडले गेले तर लगेच १९३०. यात लाज कसली? फसणारा मूर्ख नसतो. लपवणारा मात्र पुढच्याला फसू देतो.

अमेरिकेत १९७२ पासून शेजाऱ्यांनी एकमेकांच्या घरावर नजर ठेवण्याचा उपक्रम चालतो, त्याच्या पाट्याही लावतात. आपल्याकडे पाटी नव्हती, पण ओट्यावर बसलेल्या आजीबाई होत्या. गल्लीत अनोळखी माणूस आला की त्या विचारायच्या, "कोणाकडे आले जी?" आता ओटे गेले, कंपाउंडच्या भिंती उंच झाल्या आणि कॅमेरे लागले. कॅमेरा चोर गेल्यावर दिसतो. आजी चोर येतानाच विचारायची.

म्हणून माझी कार्यकारिणीला एकच विनंती आहे. कार्यालयात एक नोंदवही ठेवा. लहानमोठी चोरी, फसवणूक, रात्री बंद पडलेला दिवा, सगळं तारखेसह लिहा आणि दर महिन्याच्या सभेत वाचा. गावाला जाताना शेजारच्या घरी सांगून जा. पहिली नोंद मी माझ्या हाताने करणार आहे, त्या महाशिवरात्रीच्या चोरीची. उशीर झाला, पण वहीत यायला हवी.

त्या भाऊंची आणि त्या आजींची मी आज सगळ्यांसमोर माफी मागतो.